भोंगा बंद झाल्यावर

मारिएन्थाल हे ऑस्ट्रियातलं एक लहान गाव, व्हिएन्नापासून फारसं लांब नाही. एकोणिसाव्या शतकात तिथे कापडगिरणी उभी राहिली आणि गाव तिच्याच भोवती वाढलं. बाप त्याच गिरणीत, मुलगाही त्याच गिरणीत, सूनही तिथलीच. 1929 मध्ये जागतिक मंदी आली आणि गिरणीची एकेक खाती बंद पडत गेली. 1930 उजाडल्यावर मागही थांबले. जवळपास अख्खं गाव एकाच वेळी बेकार झालं.

1931 च्या अखेरीस व्हिएन्नाहून काही तरुण संशोधक या गावात आले. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल ही त्यांतली प्रमुख नावं. याहोडा तेव्हा अवघी चोवीस वर्षांची होती. खरं तर त्यांना कामगार फुरसतीच्या वेळात काय करतात याचा अभ्यास करायचा होता. समाजवादी नेते ओटो बाउअर यांनी त्यांना सुनावलं, की निम्मा देश बेकार होत असताना फुरसत कसली मोजता, बेकारी मोजा. ती त्यांनी फार कल्पकतेनं मोजली. घरोघर जाऊन प्रश्नावल्या भरून घेणं त्यांना पुरेसं वाटलं नाही. घरात काय शिजतं, मुलांच्या डब्यात काय असतं, वाचनालयातून किती पुस्तकं जातात याच्या नोंदी त्यांनी ठेवल्या. आडोशाला घड्याळ घेऊन बसले आणि गावच्या मुख्य रस्त्यावरून माणसं किती वेगानं चालतात, वाटेत किती वेळा थांबतात, हेही टिपलं.

पुरुषांची चाल मंदावली होती. जायला कुठलं ठिकाण नाही, पोहोचायची वेळ नाही, त्यामुळे त्याच लहानशा रस्त्यावर ते पुन्हा पुन्हा थांबत. कित्येकांनी खिशात घड्याळ ठेवणंच सोडलं होतं. बायका मात्र भराभर चालत होत्या. त्यांची गिरणीतली नोकरी गेली तरी चूल, धुणं आणि पोरं तशीच होती. उलट कमी पैशात ते सगळं भागवायचं म्हणून काम वाढलंच होतं.

वाचनालयाची गोष्ट त्याहून चकित करणारी आहे. वेळ भरपूर, शिवाय पुस्तकं न्यायची फीही रद्द केलेली. वाचन वाढायला हवं होतं. ते दोन वर्षांत जवळपास निम्म्यावर आलं. दिवसभरात काय काय केलं याचे तक्ते लोकांकडून भरून घेतले, तेव्हा पुरुषांच्या तक्त्यांत तासच्या तास रिकामे निघाले. सकाळी उठणं आठवतं, दुपारचं जेवण आठवतं, झोपणं आठवतं. मधल्या वेळात काय झालं ते त्यांना स्वतःलाच सांगता येत नव्हतं.

हे सगळं 1933 मध्ये पुस्तकरूपानं आलं. त्याच वर्षी जर्मनीत हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू संशोधकांचं हे पुस्तक बाजूला पडलं. पुढे याहोडाला व्हिएन्नात तुरुंगवास झाला, देश सोडून इंग्लंडला जावं लागलं. पण मारिएन्थालनं तिचा पिच्छा सोडला नाही. जवळपास पन्नास वर्षांनी, 1982 मध्ये, तिनं या विषयावर पुन्हा पुस्तक लिहिलं आणि नोकरी माणसाला पगाराखेरीज काय देते ते मांडलं. दिवसाला आकार, घराबाहेरच्या माणसांचा सहवास, आपल्या एकट्याच्या हातून न होणाऱ्या मोठ्या कामातला वाटा, समाजात एक ठिकाण आणि हातापायांना नेमानं हलायचं कारण. या गोष्टी नेमणूकपत्रात लिहिलेल्या नसतात. म्हणून त्या गेल्याचं बरेच दिवस लक्षातही येत नाही. माणूस म्हणतो, पैशाची काळजी आहे म्हणून झोप येत नाही. ते अर्धंच कारण असतं.

पैशाची काळजी खोटी आहे असं कुणी समजू नये. मारिएन्थालमध्ये भत्ता आठवड्यांच्या हिशेबानं मिळे आणि मुदत संपली की कमी होई. कुणी चार पैशांसाठी हार्मोनिका वाजवली तर तेवढ्यावरून त्याचा भत्ता बंद केल्याची नोंद आहे. पोट जिथे एवढं आवळलेलं असतं तिथे मानसशास्त्र शिकवायला जाणाऱ्यानं जपूनच बोलावं. तरीही त्याच गावात, बटाट्याला मोताद असलेल्या माणसांनी परसातल्या वाफ्यांत फुलं लावली होती. संशोधकांना याचं आश्चर्य वाटलं. मला वाटत नाही.

याहोडाचं पुस्तक आलं त्याच वर्षी मुंबईत गिरणगावानं हा धडा स्वतःच्या अंगावर घेतला. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही, विरत गेला. मधल्या काळात लाखाहून अधिक माणसांची नोकरी कायमची गेली होती. त्यांना कुणी निरोपाचं पत्र दिलं नाही. बऱ्याच जणांना आपण नोकरीवरून गेलो आहोत हे कळायला वर्ष-दोन वर्षं लागली.

लालबाग, परळ, काळाचौकी, डिलाईल रोड या भागांत दिवस भोंग्यावर चाले. घरात घड्याळ नसलं तरी भोंगा होता. पाळीला जाणारा उठायचा भोंग्यावर, त्याची बायको चूल पेटवायची भोंग्यावर, आणि रात्रपाळीवाला परतला की त्याच खोलीतली त्याच अंथरुणावरची जागा दिवसपाळीवाल्यानं त्याच्यासाठी मोकळी केलेली असायची. एका गाळ्यात दहा-पंधरा माणसं राहू शकत ती पाळ्यांमुळे. पाळ्या गेल्या तशी ती सगळी माणसं एकाच वेळी खोलीत आली आणि खोली पुरेनाशी झाली. संपाबद्दल बोलताना आपण मोर्चे, मालक, युनियन यांच्याविषयी बोलतो. जयंत पवारांनी 'अधांतर' नाटक मोर्चाऐवजी घरात घडवलं, कारण नोकरी जाते ती कारखान्यात आणि तिचे परिणाम राहतात घरात.

मारिएन्थालच्या भराभर चालणाऱ्या बायका गिरणगावातही होत्या. बायका-मुलं गावाला ठेवून आलेल्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या इथे शेकड्यांनी होत्या. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये त्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं होतं आणि सावकाराऐवजी राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं होतं. संपात यांच्या जेवणाऱ्यांचा पगार थांबला, म्हणजे यांची मिळकतही थांबली. कित्येकींनी महिनोन्‌महिने उधारीवर जेवू घातलं आणि ती उधारी बुडाली. पण त्यांच्या हाताला काम होतं. ओळखी होत्या, आणि घरगुती जेवण घेणारं गिऱ्हाईक शहरात नव्यानं तयार होत होतं. सावरली ती बव्हंशी बायकांनी उभारलेली घरं. कुणी पोळ्या लाटल्या, कुणी शिवणकाम घेतलं, कुणी चार घरची धुणीभांडी केली. यात त्यागाचं गौरवगीत गाण्यासारखं काही नाही. बाईच्या दिवसाला आधीपासून आकार होता, तो तुटला नाही, एवढंच. साचेवाला म्हणून वीस वर्षं मान मिळवलेल्या पुरुषाला वॉचमनची खाकी चढवताना जे वाटलं असेल त्याची किंमत वेगळी मोजावी लागते.

गिरणगावाला एक गोष्ट मात्र होती, जी आजच्या नोकरी गेलेल्या माणसाला नाही. अख्ख्या चाळीची नोकरी गेली होती. शेजारी काय म्हणेल हा प्रश्नच नव्हता, शेजारी त्याच रांगेत उभा होता. आज नारळ मिळतो तो एकट्याला आणि कॅमेऱ्यासमोर. एचआरचं बोलावणं येतं, दहा मिनिटांची मीटिंग होते आणि संध्याकाळपर्यंत लॅपटॉपचा पासवर्ड चालेनासा होतो. जुलै 2025 मध्ये टीसीएसनं आपल्या मनुष्यबळापैकी सुमारे दोन टक्के, म्हणजे 12 हजारांहून अधिक माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं, तेव्हा हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंत धसका बसला. ही कपात मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतली असेल असं कंपनीनंच सांगितलं होतं. म्हणजे चाळिशी-पंचेचाळिशीतली, घराचा हप्ता चालू असलेली, मुलं दहावी-बारावीत असलेली माणसं. त्यांच्या इमारतीत आणखी कुणाची नोकरी गेली असेलही, पण ते कळायचा मार्ग नाही, कारण सगळेच लपवतात.

लपवण्याचे प्रकार ठरावीक आहेत. सकाळी नेहमीच्या वेळी डबा घेऊन निघायचं आणि मॉलमध्ये, मंदिरात किंवा रेल्वेच्या डब्यात दिवस काढून संध्याकाळी परतायचं. वर्क फ्रॉम होमची सोय झाल्यापासून तेही करावं लागत नाही, दार लावून लॅपटॉपसमोर बसलं की झालं. बायकोला सांगायचं, पण आईवडिलांना नाही. आईवडिलांना सांगायचं, पण सासरी नाही. लग्नाकार्यात 'सध्या कुठे?' या प्रश्नाला 'तिथेच' असं उत्तर द्यायचं. हा खेळ महिनाभर जमतो, आणि जमतो म्हणूनच घातक ठरतो. त्या महिन्यात घराचा खर्च जुन्या पगाराच्या मापानं चालू राहतो, मुलाच्या क्लासची फी भरली जाते, ठरलेली सहल होते. शेवटी सांगावं लागतं तेव्हा नोकरी गेल्यापेक्षा महिनाभर लपवलं याचंच घरच्यांना जास्त लागतं. म्हणून पहिल्या एक-दोन दिवसांत घरात सांगावं, मुलांनाही. दहा-बारा वर्षांच्या मुलाला घरात काहीतरी बिनसलंय हे कळतंच. कारण कळलं नाही तर ते आपल्यामुळेच बिनसलं असं ते धरून चालतं.

आता सहीविषयी. या प्रकरणातला हा भाग रुक्ष आहे, पण वाचकाच्या खिशाला सर्वांत जास्त उपयोगी पडेल तो हाच.

कंपन्या बहुतेक वेळा माणसाला काढत नाहीत, राजीनामा द्यायला सांगतात. 'रेकॉर्डवर टर्मिनेशन नको, पुढच्या नोकरीला अडचण येईल, राजीनामा द्या, अनुभवाचं पत्र चांगलं देऊ.' बोलणारा माणूस पुष्कळदा सौजन्यानं बोलत असतो आणि त्याची स्वतःची नोकरीही धोक्यात असते. पण कायद्याच्या दृष्टीनं या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. कामगार कपात हा प्रकार औद्योगिक विवाद कायद्यात 1953 पासून बांधून दिला होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही त्याचा गाभा तोच राहिला आहे. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला एक महिन्याची लेखी, कारणासह नोटीस किंवा तेवढा पगार मिळाला पाहिजे, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून मिळाला पाहिजे. नव्या संहितेनं त्यात पुनर्कौशल्य निधीची भर घातली आहे, त्यातून कपात झालेल्याच्या खात्यात 15 दिवसांचा शेवटचा पगार जमा व्हायचा आहे. 300 किंवा अधिक कामगारांचे कारखाने, खाणी आणि मळे यांना तर कपातीआधी सरकारची परवानगी लागते. पूर्वी ही मर्यादा 100 होती.

स्वतःहून दिलेला राजीनामा कपातीत मोडत नाही. सही केली की भरपाईचा हक्क गेला. दुसरं, कायद्यातला 'कामगार' कोण हा प्रश्न आहेच. व्यवस्थापकीय काम करणारा त्यात बसत नाही, देखरेखीचं काम करणारा 18 हजारांहून अधिक पगारावर असेल तर तोही नाही. मात्र व्हिजिटिंग कार्डावर 'मॅनेजर' छापलं म्हणून कुणी कायद्याच्या दृष्टीनं मॅनेजर होत नाही, प्रत्यक्ष काम काय करतो ते पाहिलं जातं. हाताखाली एकही माणूस नसलेले मॅनेजर आपल्याकडे पैशाला पासरी आहेत. तेव्हा समोर कागद आला तर त्याच बैठकीत सही करू नये. 'वाचून उद्या कळवतो' एवढं म्हणण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. ईमेलवर कळवतो म्हटलं तर आणखी चांगलं, कारण मग नोंद राहते. कामगार कायद्यातला वकील किंवा जुना युनियनवाला गाठून कागद दाखवावा. त्याची फी जाणाऱ्या रकमेपुढे काहीच नसते.

ग्रॅच्युइटीचं वेगळं आहे. ती राजीनामा दिला तरी मिळते, मॅनेजर असला तरी मिळते. कायम नोकरीत पाच वर्षं सलग सेवा झालेली हवी. हिशेब सोपा आहे: शेवटचं मासिक वेतन गुणिले 15, भागिले 26, गुणिले सेवेची वर्षं. सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरला जातो. समजा ग्रॅच्युइटीसाठी धरायचं वेतन 60 हजार आहे आणि नोकरी 17 वर्षं 8 महिने झाली, तर 18 वर्षं धरून रक्कम होते 6 लाख 23 हजारांच्या आसपास. मालकानं ती 30 दिवसांत द्यायची असते. 20 लाखांपर्यंतच्या रकमेवर प्राप्तिकर नाही. एवढं कागदावर मांडून ठेवलं की 'फुल अँड फायनल'चा कागद हातात येताच कुठे काय राहिलं ते दिसतं. शिल्लक रजांचे पैसे त्यात आहेत का, नोटीस पिरियडचा पगार धरला आहे का, हेही तिथेच तपासावं.

भविष्य निर्वाह निधीला हात लावायची घाई करू नये. नोकरी गेल्यावर पैसे काढता येतात म्हणून बरेच जण ते काढतात, आणि वीस वर्षं जमलेली रक्कम सहा महिन्यांत संपते. त्याच्याशी जोडलेल्या पेन्शन योजनेत दहा वर्षं पूर्ण झाली असतील तर 58 व्या वर्षी पेन्शनचा हक्क असतो. दहा भरायची असतील तर पेन्शनचे पैसे काढण्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट घ्यावं, म्हणजे पुढच्या नोकरीतली वर्षं त्यात मिळवता येतात. कंपनीचा आरोग्य विमा मात्र नोकरीबरोबर संपतो, आणि ज्या घरात मधुमेह किंवा रक्तदाबाचा रुग्ण आहे तिथे ही सर्वांत तातडीची बाब. त्याच विमा कंपनीची वैयक्तिक पॉलिसी घेण्यासाठी शेवटच्या दिवसाआधीच अर्ज करावा.

ईएसआयच्या कक्षेत येणाऱ्या कमी पगाराच्या कामगारांसाठी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. नोकरी गेल्यावर 90 दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या निम्मी मदत त्यात मिळू शकते. ही योजना ज्यांच्यासाठी आहे त्यांतल्या फार थोड्यांना ती माहीत असते.

एकरकमी पैसा हातात आला की नातेवाईक, जमिनीचे दलाल आणि पैसे दुप्पट करून देणारे यांना त्याचा वास कसा लागतो कोण जाणे. बीएसएनएलच्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत 31 जानेवारी 2020 या एकाच दिवशी 78 हजारांहून अधिक कर्मचारी बाहेर पडले. सगळे पन्नाशीचे किंवा त्यापुढचे. त्यांना पेन्शन होती, म्हणून त्यांची तुलना कपात झालेल्यांशी होत नाही. पण आठ आठवड्यांच्या आत टाळेबंदी आली, आणि हातातल्या रकमेवर दुकान, हॉटेल किंवा टूर्सचा धंदा काढायचं ज्यांनी ठरवलं होतं त्यांच्यापैकी जे अजून थांबले होते ते वाचले. माझं मत असं, की पहिले सहा महिने ती रक्कम मुदत ठेवीत पडू द्यावी. घरी व्याजाचे हिशेब मांडणारे म्हणतील की महागाईनं ती घटते. घटू द्या. घराचा हप्ता थकण्याआधी बँकेत जाऊन परिस्थिती सांगावी, थकल्यावर सांगायला गेलेल्याचं बँक वेगळ्या काउंटरवर ऐकते.

एवढं झालं की मग तो दिवस येतो, ज्याला मारिएन्थालचे पुरुष हरले. साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. सुरुवातीचे दिवस कागदपत्रांत, फोनांत, रागात निघून जातात. नंतर फोन थांबतात. उठायची वेळ सातची आठ, आठची साडेनऊ होते. अर्ज पाठवणं रात्री बारानंतर होऊ लागतं. इथे सल्ला द्यायचा तर तो फार साधा आहे, आणि मारिएन्थालच्या रिकाम्या तक्त्यांतूनच तो निघतो: जुन्या वेळेला उठावं, जुन्या वेळेला अंघोळ करावी, आणि दिवसातला एक ठरलेला तुकडा घराबाहेर, माणसांत घालवावा. अभ्यासिका चालेल, मित्राचं दुकान चालेल, संस्थेतलं विनामूल्य काम चालेल. गावाकडे शेती असेल तर हंगामात चार आठवडे तिथे राबायला हरकत नाही, फक्त परतायची तारीख आधी ठरवावी. नोकरी शोधायलाही तास नेमून द्यावेत, रोज तीन-चार. दिवसभर शोधणारा संध्याकाळी नकारांनी चेचलेला असतो आणि दुसऱ्या दिवशी हात उचलत नाही.

लिहिण्याचाही एक उपयोग आहे आणि तो प्रयोगानं तपासलेला आहे. 1994 मध्ये स्पेरा, बुर्फाइंड आणि पेनेबेकर या अमेरिकी संशोधकांनी एका मोठ्या कंपनीनं अचानक काढलेल्या साठेक अनुभवी व्यावसायिकांवर अभ्यास प्रसिद्ध केला. बहुतेकांची उभी हयात त्या कंपनीत गेलेली. काहींना नोकरी गेल्याबद्दल जे मनात आहे ते सलग काही दिवस लिहायला सांगितलं, कुणाला दाखवायचं नाही या बोलीवर. काहींना रोजचं वेळापत्रक आणि नोकरी शोधण्याच्या योजना लिहायला सांगितल्या, आणि काहींना काहीच नाही. आठ महिन्यांनी पहिल्या गटातल्या निम्म्या लोकांना पूर्णवेळ नोकरी मिळाली होती. इतरांत हे प्रमाण चौथ्या हिश्शाहूनही कमी होतं. गंमत अशी की पहिल्या गटानं अर्ज किंवा मुलाखती जास्त केल्या नव्हत्या. संशोधकांचा अंदाज असा, की कागदावर राग ओतून झालेला माणूस मुलाखतीत जुन्या कंपनीला शिव्या घालत नाही. प्रयोग लहान होता, त्यावर फार मोठा इमला बांधू नये. पण एक वही आणि पेन यापलीकडे यात खर्च नाही.

राग संपतच नसेल, झोप आठवडेच्या आठवडे लागत नसेल, दारू वाढली असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर वही पुरत नाही. सरकारची टेलि-मानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. याला नाजूकपणाचं लक्षण समजणाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातली एक आकडेवारी पाहावी. 1980 च्या दशकातल्या मंदीत मोठ्या कपातीत सापडलेल्या, दीर्घकाळ एकाच ठिकाणी नोकरी केलेल्या पुरुषांचा मृत्युदर कपातीनंतरच्या वर्षात सर्वसाधारण अपेक्षेपेक्षा 50 ते 100 टक्के जास्त होता. सुलिव्हन आणि फॉन वाख्टर यांनी हे 2009 मध्ये दाखवलं. एवढा मोठा फरक फक्त मन कमकुवत असल्यानं पडत नाही.

नवी नोकरी कुठून येते याचंही उत्तर थोडं अनपेक्षित आहे. आपण आधी जिवलग मित्रांना आणि सख्ख्या नातेवाइकांना सांगतो, आणि त्यांचा जीव तुटतो, पण त्यांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं 1970 च्या सुमारास बॉस्टनजवळच्या न्यूटन शहरात, ओळखीतून नोकरी मिळवलेल्यांना विचारलं, की ज्यानं सांगितलं त्याची भेट किती वेळा व्हायची? वारंवार भेटणारे सहांतून एकच निघाले. निम्म्याहून अधिक अधूनमधून भेटणारे आणि चौथ्या हिश्शाहून जास्त क्वचितच भेटणारे. दहा वर्षांपूर्वी ज्या ऑफिसात आपल्या शेजारी बसायची ती बाई, कंपनी सोडून व्हेंडरकडे गेलेला मुलगा, प्रशिक्षणात भेटलेला कुणीतरी, यांना फोन करायचा तर संकोच वाटतो. इतकी वर्षं विचारपूस केली नाही आणि आता काम पडलं तेव्हा फोन? तो संकोच आपल्याकडे फार आहे आणि तो बाजूला ठेवायचा. 'नोकरी लावून दे' असं म्हणायचंच नाही. 'तुमच्या क्षेत्रात सध्या काय चाललंय, दहा मिनिटं बोलशील का' एवढंच विचारावं. त्याला बहुतेक लोक नाही म्हणत नाहीत. शिवाय त्या दहा मिनिटांत ते स्वतःच विचारतात.

पगाराबद्दल मनाची तयारी आधीच केलेली बरी. त्याच पेनसिल्व्हेनियात जेकबसन, लालोंड आणि सुलिव्हन यांनी 1993 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, दीर्घ सेवेनंतर कपात झालेल्यांची मिळकत पाच-सहा वर्षांनीही पूर्वी अपेक्षित असलेल्या मिळकतीच्या साधारण पाऊणच भरत होती. याचं कारण वयापेक्षा ज्ञानाच्या स्वरूपात आहे. वीस वर्षं एका ठिकाणी काढलेल्या माणसाला पुष्कळ काही येत असतं, पण त्यातलं बरंच त्या ठिकाणापुरतंच असतं. कुठली फाइल कुणाच्या टेबलावर अडते, कुठल्या मशीनला कुठल्या ऋतूत काय होतं, कुठल्या गिऱ्हाइकाला सोमवारी फोन करायचा नाही. त्या ज्ञानाचे जुनी कंपनी पैसे देत होती. नवी देणार नाही, कारण तिला त्याचा उपयोग नाही. म्हणून बायोडाटा लिहायला बसण्याआधी दोन याद्या कराव्यात: मला तिथलं काय येत होतं आणि मला कुठेही काय येतं. दुसरी यादी पहिल्यांदा फार तोकडी वाटते. ती एखाद्या जुन्या सहकाऱ्याला दाखवली की वाढते, कारण आपल्याला सवयीचं झालेलं काम हे कौशल्य होतं हे दुसऱ्यालाच दिसतं. मुलाखतीत 'मागचा पगार किती' हा प्रश्न येईल तेव्हा खोटा आकडा सांगू नये, सॅलरी स्लिप मागतातच. बोलणी दुसऱ्या यादीवरून करावीत, आणि कमी पगारावर रुजू व्हायची वेळ आली तर वर्षभरानं वाढीचा फेरविचार होईल हे ऑफर लेटरमध्ये लिहून मागावं.